सतरा किलोमीटरची हजेरी

साळूबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चुलीवर पाणी, म्हशीची धार, सहा भाकरी, कसलं तरी कोरड्यास. साडेपाचला डोक्याला फडकं आणि साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवून ती घराबाहेर पडलेली असायची. आष्ट्याहून इस्लामपूरकडं निघालं की डाव्या हाताला एक फाटा लागतो. फाट्यापासून आत किलोमीटरभर तिची वाडी. सहाला फाट्यावर डंपर यायचा. वाडीच्या चार बायका मागं चढायच्या, फावडी-घमेल्यांच्या शेजारी बसायच्या आणि डंपर नेईल त्या रस्त्यावर कामाला जायच्या.

काम खड्डे भरायचं. नऊ वर्षं ती रस्त्याच्या एका ठेकेदाराच्या गँगमध्ये होती. खड्डा भरणं म्हणजे त्यात खडी ओतणं, असं गाडीतून जाणाऱ्याला वाटतं. आधी तो चौकोनी कापावा लागतो. आतली माती झाडून काढावी लागते, नाहीतर डांबर धरत नाही. कडांना डांबराचा हात फिरवायचा, मग खडी, मग ठोकायला धुमस, मग रोलर. साळूबाईनं भरलेला खड्डा पावसाळा काढायचा. तिला हे माहीत होतं, आणि मुकादम लालासाहेबालाही माहीत होतं. तो तोंडानं कधी म्हणाला नव्हता एवढंच.

पाडव्यानंतरच्या आठवड्यात लालासाहेबानं सगळ्यांना डंपरपाशी गोळा केलं.

"पुढल्या महिन्याच्या पंधरापासनं डंपरात माणसं बसवायची न्हाईत. वरनं ऑर्डर हाय. कुठं पडलं-झडलं तर कोण निस्तरणार? ज्यानं त्यानं यार्डात यायचं. तिथनं गाडी साईटवर न्हेईल. हजेरी सातला. सात म्हंजे सात."

यार्ड होतं पेठ नाक्याच्या पुढं. वाडीपासून सतरा किलोमीटर. फाट्यावरची पहिली एसटी पेठ नाक्याला पोचायची ती पावणेआठला. रोज वडापच्या जीपनं जावं तर निम्मी मजुरी तिथंच जाणार.

"मुकादम, जरा आठ करा की," मेहरुनबी म्हणाली. ती वाडीचीच, गँगमधली सगळ्यांत जुनी बाई.

"माझ्या घरचं लगीन हाय का, मुहूर्त पुढं ढकलायला?"

जे काम सुटणार होतं त्याच्या जागी काय येणार, ते सगळ्यांना ठाऊक होतं. उसातलं तण काढायचं, भांगलणीचं काम. आज आहे, उद्या नाही. मालकाची मर्जी फिरली की दुसरी बाई. गँगमध्ये हजेरी होती, महिन्याला पगार होता, आणि काम अंगात मुरलेलं होतं. साळूबाईला पुन्हा कुणाच्या बांधावर जाऊन "ताई, आज बाया लागत्यात का?" असं विचारायचं नव्हतं. शेहेचाळीस वर्षांच्या बाईनं नऊ वर्षं डांबर हाताळल्यावर तिला ते विचारायला लागू नये.

"मी सायकलीनं येईन," ती म्हणाली.

आधी लालासाहेब हसला, मग ड्रायव्हर हसला, मग तोंडाला पदर लावून बायकाही हसल्या.

"आगं, सतरा किलोमीटर हाय. पिठाच्या गिरणीला जायचं न्हाई."

"ऐकलं मी. सतरा. आणि सात."

घरी तिचा नवरा गुंडा म्हशीला वैरण टाकत होता. साखर कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर तो हंगामी कामगार होता. हंगाम संपला की चार-पाच महिने घरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"सायकल कवा शिकलीस तू?"

"म्हायेरी. सातवीत."

"म्हंजे चौतीस वर्सं झाली. आन् तवा कुठवर जायचीस?"

"हिरीपातूर."

"हीर पेठ नाक्याला न्हेऊन ठेवली व्हय तुमच्या गाववाल्यांनी?"

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर ती आष्ट्याला जाफरच्या दुकानात गेली. जाफरचं सायकलदुरुस्तीचं दुकान बापापासून चालत आलेलं. मोटारसायकली आल्या तशी आजूबाजूची दुकानं मोटारसायकलीची झाली. जाफर चाकं सरळ करत बसला होता तो बसलेलाच होता. त्यानं कोपऱ्यातली एक जुनी लेडीज सायकल काढली, पुसली आणि साळूबाईला तिच्यावर बसवलं.

"पाय टेकत न्हाईत नीट," ती म्हणाली.

"टेकायला सीट नसती मावशी, चालवायला असती. टाच पॅडलवर ठेवा. खाली गेल्यावर पाय सरळ झाला पायजे. हां. नव्या माणसाला सीट खाली लागती, पडायची भीती वाटती म्हणून. मग गुडघे दुखत्यात, आन् सायकलीला नाव ठेवून घरी बसत्यात." त्यानं पान्ह्यानं बोल्ट आवळला. "महिनाभर न्या. जमलं तर ठेवा, न्हाई जमलं तर आणून टाका."

तोल पहिल्याच संध्याकाळी आला. शरीर तेवढं विसरत नाही. तिथून पुढं दम लागत होता. घर ते फाटा आणि परत, एवढ्या दोन किलोमीटरात तिच्या मांड्या भरून आल्या. दिवसभर धुमस मारणारी बाई ती, तिला वाटलं होतं हे काय काम आहे! पण धुमसाचं बळ हातात आणि पाठीत असतं. पायांना हे नवीन होतं आणि त्यांनी ते लगेच कळवलं. रात्री तिनं गुडघ्यांना तेल लावलं.

"झालं?" गुंडानं विचारलं.

"सुरू झालं," ती म्हणाली.

चार दिवस ती फाट्यापर्यंतच गेली. मग आष्ट्यापर्यंत. वाडीच्या पोरी दारात उभ्या राहून बघायच्या. कोणी "वैनी, रेस लागलीया का?" म्हणून विचारायचं. ती उत्तर द्यायच्या भानगडीत पडायची नाही, कारण बोलायला दमच उरायचा नाही. पण आठवड्याच्या शेवटी एक गोष्ट झाली. आष्ट्यातून परत येताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून किलोमीटरचे दगड मोजत नाही आहोत. पाय आपापले फिरताहेत. ज्यांनी उतारवयात सायकल धरली आहे त्यांना हा क्षण ठाऊक असतो. तो मागितल्यानं येत नाही, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी माणूस चूक करतो.

साळूबाईनं ती रविवारी केली.

सुट्टीचा दिवस होता. आठला ती निघाली. यार्डाच्या रस्त्यावर ट्रक फार, म्हणून आष्टा ओलांडून सांगलीच्या अंगाला वळली. सायकल अशी पळत होती की तिलाच नवल वाटलं. पॅडल मारावं लागत नव्हतं. किलोमीटरचे दगड एकामागून एक मागं पडत होते. हे दगड तिच्या ओळखीचे. त्यांना तिनंच कितीदा पिवळा-पांढरा रंग लावला होता. तुंग गेलं. दहा झाले, बारा झाले. दिग्रजच्या जवळ सतरा भरले तशी ती उतरली. सतरा! पंधरा तारखेपर्यंतच्या पाच आठवड्यांचं काम दुसऱ्याच आठवड्यात उरकलं होतं. तिनं टपरीवर चहा घेतला, शेजारच्या माणसाला न विचारता सांगितलं, "आष्ट्याच्या पलीकडनं आलोय. सायकलीनं." त्यानं मान डोलावली.

मग ती परत फिरली, आणि वारा तोंडावर आला.

जाताना सायकल पळत होती ती वाऱ्यानं. चैत्रात पहाटेपासूनच पश्चिमेचा वारा असतो, नऊनंतर उन्हात तो जोर धरतो, आणि तो कुणाचा मावसभाऊ नसतो. सायकल जागची हलेना. दोन किलोमीटरात पिंडऱ्यांना गोळे आले. जवळ पाणी नव्हतं. पोटात एक चहा. तुंगच्या अलीकडं ती उतरली आणि हातात सायकल धरून चालू लागली. एका टेम्पोवाल्यानं गाडी थांबवली. "बसा मावशी, टाका सायकल मागं." ती नको म्हणाली. हा हट्ट चुकीचा होता. टेम्पोत बसली असती तर दुसऱ्या दिवशी कामावर गेली असती. घरी पोचायला तिला तीन वाजले. सोमवारी तिला उठता आलं नाही. नऊ वर्षांत सणवार आणि नात्यातल्या कुणाच्या बाळंतपणाची मदत सोडून तिचा खाडा नव्हता. आता झाला.

पडल्या पडल्या तिनं विचार केला की आपलं चुकलं कुठं. गँगच्या बाईचीच ही चूक होती. सकाळी डंपर नेऊन सोडायचा, संध्याकाळी डंपर उचलून आणायचा. रस्त्यावरचं तिचं सगळं मोजमाप एकाच बाजूचं. काम कुठपर्यंत गेलं तेवढं बघायचं. परत कसं यायचं हे नऊ वर्षांत तिनं कधी मोजलंच नव्हतं. पण त्याच गँगमध्ये एक नियमही होता, आणि तो ती नव्या बायकांना स्वतः दरडावून शिकवायची. संध्याकाळपर्यंत भरता येतील तेवढेच खड्डे सकाळी उघडायचे. जास्त उघडून ठेवले की रात्री त्यात गाडी जाते. तिनं दिग्रजला काय केलं होतं? झेपणार नाही एवढं उघडून ठेवलं होतं.

मंगळवारी लालासाहेबानं हजेरीच्या वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "काय, सतरा झालं?"

"झालं. आता परतीचं शिकायचं राह्यलंय."

संध्याकाळी जाफरनं सगळं ऐकलं आणि तो हसला नाही.

"मावशी, घरनं निघताना अंगाला वारा लागला न्हाई तर वारा पाठीमागनं हाय, असं समजायचं. फसवतो तो. नव्या माणसानं आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, परत येताना तो ढकलतो. पेठेचा रस्ता तसाच हाय, जाताना अवघड, येताना सोपा. तुमचं नशीब हाय."

"आन् पिंडऱ्या?"

"तहान लागायच्या आधी पाणी प्या. भूक लागायच्या आधी शेंगदाणे-गूळ खावा. लागल्यावर खाऊन उपयोग न्हाई, तवर सायकल थांबलेली असती."

साळूबाईनं पुन्हा आठ किलोमीटरपासून सुरुवात केली, जाणं-येणं धरून. सतरा करून आलेल्या बाईनं आठवर यायचं म्हणजे मन मारावं लागतं. तिनं मारलं. दोन दिवस चालवायची, एक दिवस सोडायची. दोन किलोमीटर वाढले की त्यावर दोन संध्याकाळी टिकायची, मगच पुढचे दोन. इस्लामपूरकडं तोंड करून जायची. वारा छातीवर घ्यायची, मान खाली घालून हळू चालवायची. घाई केली की दम जातो आणि अंतर तेवढंच राहतं. दहा, बारा, चौदा. दांडीला पाण्याची बाटली बांधलेली, शर्टाच्या खिशात शेंगदाणे.

सायकल सोडायचा दिवस तिला सगळ्यांत जड जायचा. एकदा सोडायच्या दिवशी ती सायकल बाहेर काढताना गुंडानं पाहिलं.

"जाफरनं आज नको म्हणून सांगितलंय न्हवं?"

"जरा फाट्यापातूर."

"फाट्यापातूर म्हणत दिग्रजला जाशील. ठेव ती." त्यानं सायकल हातातून घेतली आणि गोठ्याच्या भिंतीला लावली. "आन् ऐक. पंधरापासनं धार मी काढीन. भाकरी मातूर मला जमायच्या न्हाईत."

"म्हस लाथ मारती अनोळखी हाताला."

"तू दिग्रजवरनं येऊन आडवी पडलीस तवा मी काय म्हणलं का?"

"लय म्हणालात."

"मग म्हशीलाबी म्हणू दे काय म्हणायचं ते."

चौथ्या आठवड्यात वीस झाले. पाचव्या रविवारी इस्लामपूरच्या बाहेरच्या अंगाला जाऊन परत, चोवीस. त्याच्या पुढं ती गेली नव्हती. पंधरा तारखेला लागणार होते चौतीस.

"चोवीस करणारी बाई चौतीस करती," जाफर म्हणाला. "मधी दिवसभराची उसंत हायच की."

"उसंत? मधी डांबर हाय, बाबा."

जाफरनं कान खाजवला. मग त्यानं साखळीला तेल दिलं, ब्रेकचे रबर बदलले, हवा तपासली आणि दोन दिवस सायकलीला हात लावायचा नाही असं बजावून तिला घरी पाठवलं.

पंधराला ती पाचला एकटीच निघाली; वाडीच्या बाकी तिघींनी काम सोडलं होतं. अंधार पुसट होत होता. पहिले चार किलोमीटर तिनं मुद्दाम अंग राखून चालवले. छातीत धडधड होती ती दमाची नव्हे, हे तिला कळत होतं. इस्लामपूरच्या अलीकडं साखळी उतरली. जाफरनं शिकवलं होतं तसं तिनं सायकल उलटी केली, काडीनं साखळी चढवली, हात शर्टाला पुसले. वेळ गेला तो गेला, घाई करून तो भरून काढायचा नाही असं स्वतःला सांगितलं. पुढं पेठेपर्यंत रस्ता उघडा, समोरून वारा आणि ट्रक. तिथं ती अंतराचा विचार करायची सोडून देऊन पुढच्या दगडाचा करू लागली. दगड आला की शेंगदाणा तोंडात, मग पुढचा दगड. यार्डाच्या फाटकात शिरली तेव्हा लालासाहेब वही उघडत होता. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सातला आठ मिनिटं कमी होती.

"साळूबाई," त्यानं नाव घेतलं, जसं रोज घ्यायचा तसं. आणि मग जरा थांबून, "पाणी पी आधी."

त्या दिवशी तिनं रोजच्याएवढंच काम केलं. कमी केलं असतं तर कोणी बोललं नसतं, पण मग सायकलीला अर्थ काय राहिला असता? संध्याकाळी वारा पाठीशी होता. तरी शेवटचे तीन किलोमीटर तिला आठवत नाहीत. घरी येऊन ती जेवता जेवता झोपली.

एक दिवस कोणीही येतो. हौसेनं येतो, रागानं येतो. लालासाहेबानं असे बरेच पाहिले होते, म्हणून त्यानं पहिल्या दिवशी कौतुक केलं नाही. खरी परीक्षा सोळा तारखेला होती. अंग ठणकत असताना, बघायला कोणी नसताना, तोच रस्ता पुन्हा. सोळाला ती सातला पाच मिनिटं कमी असताना आली. सतराला आली. आठवड्यानं सायकलीची धाप कामापर्यंत पुरेनाशी झाली. रोलरच्या पहिल्या फेरीतच तिचा श्वास जागेवर यायचा. महिन्याच्या शेवटी लालासाहेबानं वहीतली तिची ओळ बोटानं आडवी तपासली. एक खाडा नव्हता.

"तुझ्या वाडीच्या तिघींच्या जागी मी तीनदा माणसं घेतली," तो म्हणाला. "एक टिकंना. कुणाला खडी कळत न्हाई, कुणाला सात कळत न्हाई. त्यांना सांग, यायचं असंल तर जागा हाय. पर डंपर न्हाई."

त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फार होतं. साळूबाईनं घरी जाताना ते सबंध रस्ताभर पुरवलं.

मेहरुनबी आणि क्रांती या दोघी साळूबाईकडं सायकलीच्या सरावाला आल्या. तिसरीनं भांगलणच धरली. क्रांती पंचविशीची, कॉलेजला असताना सायकल चालवलेली, पहिल्याच संध्याकाळी पुढं पळायला बघत होती. मेहरुनबी पन्नाशीची आणि तोलापासून सुरुवात.

"पेठेपातूर एकदम जाऊन बघू का?" क्रांतीनं विचारलं.

"जा की. आन् मग मंगळवारी ये कामावर," साळूबाई म्हणाली. "फाटा. परत. बास."

"एवढंच?"

"आज एवढंच उघडायचं."

क्रांतीला गँगची भाषा कळत होती. ती फाट्यावरून परत फिरली.

मेहरुनबीला तीन आठवडे तोलाला लागले. ती पडायची ती नेमकी वाडीच्या रस्त्यावर. फाट्यापासून आतला तो किलोमीटर कुणाच्याच हिशेबात नव्हता. उसाच्या ट्रॉल्यांनी त्याची चाकोरी खोल केली होती, मधे दगड वर आले होते. साळूबाई स्वतः तिथं अंधारात उतरून चालायची. एका संध्याकाळी मेहरुनबी चाकोरीत चाक अडकून आडवी झाली, कोपर सोलून निघालं.

"मला न्हाई जमायचं, साळू," ती रस्त्यातच बसून म्हणाली. "तुझं बघून वाटलं हुतं."

साळूबाई सायकल उभी करून खाली वाकली. तिनं मेहरुनबीच्या कोपराकडं पाहिलं नाही, चाकोरीकडं पाहिलं. बोटानं खोली घेतली. टाचेनं कड दाबून बघितली.

"तुझं काय चुकलं न्हाई," ती म्हणाली. "हे असलं कुणी ठेवलं असतं तर मुकादमानं हजेरी कापली असती."

त्या महिन्याचा पगार झाला, आणि रविवारी सकाळी वाडीच्या तोंडाला एक ट्रॉली मुरूम आणि अर्धी ट्रॉली खडी येऊन पडली. साळूबाईनं ती स्वतःच्या मजुरीतून आणली होती. तिघी बायकांनी सगळ्यांत वाईट तुकडा धरला. कडा कापल्या, वर आलेले दगड काढले, आधी खडी, मग मुरूम, मग पाणी, मग धुमस. मधे उंच आणि कडांना उतार ठेवला, पाणी थांबू नये म्हणून. गुंडानं घमेली ओतली आणि तोंडानंही काम केलं.

"लोकं म्हणत्यात, पंचायतीचा रस्ता तुझ्या बायकूनं कशाला भरायचा?"

"लोकं कुठनं जात्यात?"

"हितनंच."

"मग जाऊ द्या."

"स्वतःला एक लुगडं घेतलं असतंस."

"लुगडं दोन वर्सं टिकतं," साळूबाई म्हणाली आणि धुमस उचलला. "ह्यो मी भरलाय."

पुढच्या महिन्याच्या पगारात दुसरा तुकडा झाला, त्याच्या पुढच्यात फाट्यापर्यंतचा. आता रोज सव्वापाचला त्यावरून तीन सायकली जातात.